ऊब

डबा खालच्या खणात ठेवून, चष्म्याची काच सदऱ्याच्या टोकाला पुसून तो खुर्चीत बसला आणि विंचू डसल्यासारखा उठला. खुर्ची गरम होती. फार नाही, नुकतंच कुणी उठून गेल्यावर लाकडात जेवढी ऊब मागे राहते तेवढीच. पण ती विजारीच्या कापडातून मांडीला भिडली, तिथून सरळ पोटात गेली, आणि पोटातून काहीतरी आंबट घशाशी आलं. त्यानं ते गिळलं. छापखान्यात शाळेच्या पुस्तकांचं काम हाताबाहेर गेलं होतं, म्हणून मालकानं या आठवड्यापासून प्रुफं वाचायच्या दोन पाळ्या केल्या होत्या. टेबल एकच, दिवा एकच, खुर्ची एकच. सकाळी एक नवी बाई, दुपारपासून तो. इतकी वर्षं ही खुर्ची त्याची एकट्याची होती. तो येईपर्यंत दगडासारखी गार झालेली असायची, आणि त्या गारव्यावर टेकताना त्याला रोज न चुकता बरं वाटायचं. बाई अजून खुंटीवरची पिशवी काढत उभी होती. तिनं पाहिलं. “काय हो, खिळा वर आलाय का?” तिनं विचारलं. “नाही नाही. पाठ धरलीय जरा. उभ्यानं वाचतो,” असं म्हणून त्यानं प्रुफं उचलली आणि खिडकीच्या कट्ट्यावर पसरली. बाईनं एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हातांकडे, आणि ती गेली. तिच्या हातांवर कोडाचे पांढरे डाग होते, मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत. ते त्यानं ती मागच्या आठवड्यात काम मागायला आली तेव्हाच पाहिले होते आणि विसरूनही गेला होता. या क्षणी त्याच्या डोक्यात एकच होतं, की हे लाकूड गार व्हायला किती वेळ लागेल.

ऊब हा शब्द लोक फार लाडानं वापरतात. आईच्या कुशीची ऊब, घरट्याची ऊब, माणसांच्या सहवासाची ऊब. शाळेच्या पुस्तकांत तर तो पानोपानी असतो. प्रुफं वाचताना तो आला की त्याला वाटायचं, यावर काट मारावी आणि समासात सरळ ‘घाम’ असं लिहून द्यावं. बसमध्ये कुणी उठून जागा दिली तर तो आभार मानून उभाच राही. न्हाव्याकडे आधीचं गिऱ्हाईक उठलं की आरशात उगाच दात बघत वेळ काढी, आणि न्हावी कपडा झटकून झटकून थके. दुकानदाराच्या मुठीतून आलेली नाणी तो खिशात टाकण्याआधी फुंकर घालून घेई. ओळखीच्या लोकांनी त्याला मूळव्याध आहे असं परस्पर ठरवून टाकलं होतं. एका शेजाऱ्यानं जिन्यात गाठून, आवाज खाली आणून, एका वैद्याचा पत्ताही दिला होता. त्यानं तो मुकाट घेतला. मूळव्याध परवडली. ती निदान चारचौघांत सांगता येते.

लढाईच्या काळात तो पाणबुडीवर होता. तिथं बिछान्याला बिछाना म्हणत नसत, फळी म्हणत. माणसं जितकी, फळ्या त्याच्या निम्म्या. एकजण पहाऱ्यावर गेला की दुसऱ्यानं त्याच्या खड्ड्यात जाऊन पडायचं, आणि तो परत आला की आपला खड्डा त्याला द्यायचा. त्यामुळे फळी कधी गार होतच नसे. बंदर सोडताना पांढरी असलेली चादर चार-आठ दिवसांत कशासारखी दिसू लागे ते सांगण्यात अर्थ नाही. अंघोळ नव्हती. गोडं पाणी पिण्यापुरतं. डिझेल कपड्यांत, केसांत, पावात, चहावर तवंग होऊन. लोखंडाच्या भिंतींना घाम फुटे आणि त्याचे थेंब झोपलेल्यांच्या तोंडावर टपकत. हे पाणी म्हणजे आपल्याच सगळ्यांचा श्वास आहे, असं आचाऱ्यानं त्याला एकदा हसत हसत सांगितलं, तेव्हापासून तो तोंड घट्ट मिटून झोपू लागला. त्याचं काम बॅटऱ्यांचं. पाणबुडीनं बुडी मारली की तिचा सगळा जीव त्या बॅटऱ्यांत. पायाखालचे पत्रे उचलून, पोटावर सरपटत जाऊन त्यांच्यातलं पाणी तपासायचं. तिथं आम्लाचा वास असे, नाक जाळणारा. तो वास त्याला आवडे, कारण तो माणसाचा नव्हता. साबणाची एक वडी तो कागदात गुंडाळून ठेवी. तिनं धुवायला पाणी नव्हतं, म्हणून अधूनमधून नुसती हुंगे. हे कुणीतरी पाहिलं आणि त्याचं नाव नाकशेट पडलं.

त्याच्या फळीचा दुसरा मालक टॉर्पेडोच्या खोलीत कामाला होता. आडदांड, केसाळ, खांद्यांवरसुद्धा केस. त्याला सगळे बोकड म्हणत, आणि तो त्या हाकेला खुशाल ओ देई. फळीवरचा खड्डा बोकडाच्या मापाचा होता. त्यात आडवं होताना उशीवर त्याचे आखूड, वाकडे केस, कधी नखाचा तुकडा, आणि त्याचा वास: आंबलेलं ताक, गंज, भिजलेलं कुत्रं. दोघं एकत्र असे कधी नसतच. एक उठे तेव्हा दुसरा येई, तेवढीच भेट. “उठा नाकशेट, तापवून ठेवलीत ना गादी?” एवढं बोलून तो धपकन पडे आणि लगेच घोरू लागे. एकदा न राहवून नाकशेटनं म्हटलं होतं, “अरे, निदान ओल्या फडक्यानं अंग तरी पुसत जा.” बोकडाला राग आला नाही. “पुसून काय होणार, वास तुमच्या नाकातच आहे,” तो म्हणाला, आणि जाताना स्वतःच्या काखेत नाक घालून लांब श्वास घेतल्याचं सोंग करून गेला. सगळी फळ्यांची रांग हसली. गंमत अशी, की आज बोकडाचा चेहरा आठवायचा म्हटला तर आठवत नाही. नाक होतं, मिशी होती, पण ती जुळून येत नाहीत. पाठीचा खड्डा मात्र आठवतो, कुठं किती खोल होता तो.

शेवटच्या फेरीत त्यांनी एक मालवाहू जहाज बुडवलं. टॉर्पेडो लागल्याचा आवाज आला तेव्हा सगळे ओरडले, तोही ओरडला. मग त्यांच्या शोधात वर शत्रूच्या लढाऊ विनाशिका जमल्या. कप्तानानं पाणबुडी खोल नेली आणि यंत्रं बंद केली. हवा पुरवून वापरायची होती, म्हणून ज्याच्या हाताला काम नाही त्यानं आडवं व्हावं, हलू नये, बोलू नये असा हुकूम निघाला. पंखे बंद. संडासातून पाणी सोडायला बंदी, कारण तेवढा आवाजही वर ऐकू जातो. तेव्हा बादल्या ठेवल्या. बादल्या भरल्या. वरून बॉम्ब सोडत, पाणबुडी कुणी कान धरून हिसडावं तशी हिसडली जाई, आणि बादल्या हिंदकळत. एक बॉम्ब फार जवळ फुटला. बोकड पाळी संपवून फळीकडेच येत होता. तो उचलला गेला, एका झडपेच्या लोखंडी चाकावर त्याचं कपाळ आपटलं, आणि तो खाली पडला तेव्हा त्याच्या कानातून रक्त येत होतं. त्याला फळीवर घातलं. नाकशेट उठून उभा राहिला, तर दुय्यम अधिकाऱ्यानं खुणेनं सांगितलं, तूही पड, उभ्या माणसाला हवा जास्त लागते. दुसरी जागा नव्हती. मग तो आत सरकला, भिंतीला चिकटला, आणि बाहेरच्या बाजूनं बोकड. पहिल्यांदाच दोघं एका वेळी त्या फळीवर होते. बोकडाचा श्वास आधी बुडबुड्यांसारखा वाजत होता. मग त्याच्याखाली चादर ओली झाली, आणि ती ओल गरम गरम या बाजूला आली. नाकशेटला पळायला वाट नव्हती. त्यानं तोंड फिरवलं आणि ओठ लोखंडाला लावून धरले. त्याला दया आली नाही. पुढं कैकदा त्यानं स्वतःच्या मनात हात घालून पाहिलं, तिथं कुठंतरी तळाशी थोडी दया असेल, चुकून राहिली असेल, पण नव्हती. नुसती किळस होती. आपल्याच कातडीवर दुसऱ्याची कातडी चढलीय असं वाटत होतं.

नंतर कधीतरी तो बुडबुड्यांचा आवाज ऐकू येईना. बॉम्बांनी कानही गेल्यासारखे झाले होते. आचारी आला, पाणबुडीवर आचारी हाच डॉक्टर. त्यानं आपला दाढीचा आरसा बोकडाच्या नाकाशी धरला. आरसा धुरकटला. आचाऱ्यानं तो बाहीला पुसून पुन्हा धरला. पुन्हा धुरकटला. मग त्यानं तोच आरसा भिंतीच्या पत्र्यासमोर धरला, तर तिथंही धुरकटला. हवेतच तेवढं पाणी होतं. “घ्या, भिंतपण जिवंत आहे,” आचारी कुजबुजला, आणि आवाज न करता हसू लागला. त्याचे खांदे हलत राहिले. नाडी पाहायला गेला तर त्याचीच बोटं थडथड उडत होती. “गेला,” तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, “गेलाच म्हणायचा.”

कप्तान मवाळ माणूस होता. त्याचा आवाज शाळेतल्या गुरुजींसारखा होता, मुलाला शुद्धलेखन सांगावं तसा तो हुकूम देई. तो फळीपाशी आला, टोपी काढली, आणि अगदी हळू सांगितलं की वर त्यांना काहीतरी दिसायला हवं, म्हणजे आपण बुडालो असं समजून ते जातील. तेल सगळेच सोडतात, तेलावर आता कुणी विश्वास ठेवत नाही. टॉर्पेडोची एक नळी रिकामी आहे. तेल, लाकडं, गाद्या, टोप्या. आणि ज्यामुळे त्यांची खात्री पटेल असं काहीतरी. ते काहीतरी काय, हे त्यानं तोंडानं सांगितलं नाही. फक्त टोपी पुन्हा डोक्यावर घातली. आचाऱ्यानं पाय धरले. नाकशेटनं काखेत हात घातले. काख गरम होती. घामानं ओली आणि गरम, रोज फळी असे तशीच. त्याचे हात तिथंच थांबले. “साहेब,” तो म्हणाला, “गरम आहे हा.” सगळ्यांनी ते ऐकलं. फळ्यांवरून माना वळल्या. कप्तानानं त्याच्याकडे पाहिलं, रागानं नाही, कीव आल्यासारखं. “इथं गार काय आहे, सांग बरं,” तो म्हणाला. नाकशेट खरंच शोधू लागला. त्यानं भिंत आठवली, पाइप आठवले, प्यायचं पाणी, स्वतःची बोटं. गार असं काहीही नव्हतं. प्रश्न बिनतोड होता. आणि आपल्याला उत्तर सापडत नाही हे कळल्यावर त्याला जे वाटलं ते सुटल्यासारखं होतं. बोलायचं ते आपण बोललो, आता पुढचं आपल्याकडे नाही. त्यानं उचललं. नळीत घालताना शेवटी टाचा दिसल्या, भेगाळलेल्या, भेगांत काळं तेल. दार लावलं. आतून काही आवाज आला नाही. आला असता तरी त्या कानांना कळला असता असं नाही.

युक्ती लागू पडली. विनाशिका गेल्या. पाणबुडी वर आली, झाकण उघडलं, आणि ताजी हवा आत आली तेव्हा तिची घाण आली. कुजलेल्या शेवाळाची, मेलेल्या माशांची, कसली तरी कच्ची, उघडी घाण. माणसं ओळीनं ओकली. इतक्या दिवसांत आतल्या वासाला कुणी ओकलं नव्हतं. संध्याकाळी आचाऱ्यानं डब्यातलं दूध आणि होती नव्हती ती साखर आटवून काहीतरी गोड केलं. नाकशेटनं ते खाल्लं. वाटी पुढं करून पुन्हा मागितलं. मग तो फळीवर गेला. गादी, चादर, उशी सगळं नळीतून गेलं होतं. नुसती लाकडाची फळी होती, कोरडी, त्याच्या एकट्याची, आणि वरच्या हवेनं गार पडलेली. तो तिच्यावर पालथा पडला. आयुष्यात तितकी गाढ झोप त्याला पुन्हा कधी लागली नाही.

लढाई संपल्यावर कप्तान बोकडाच्या आईला भेटायला गेला तेव्हा त्यानं नाकशेटला बरोबर नेलं, अगदी जवळचा मित्र म्हणून. “एका बिछान्यावर झोपायचे दोघं,” कप्तान म्हणाला, आणि म्हातारीनं नाकशेटचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात गरम होते. “त्याला त्रास झाला का रे फार?” तिनं विचारलं. कप्तानानंच उत्तर दिलं: अजिबात नाही, माऊली. आम्ही सगळे भोवती उभे होतो. समुद्रानं त्याला कुशीत घेतलं. म्हातारी मान हलवत राहिली. नाकशेट तिच्या हातातून आपला हात कसा सोडवायचा याचा विचार करत होता. बाहेर आल्यावर त्यानं रस्त्यावरच्या नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, आणि कप्तान छत्रीच्या काठीवर रेलून त्याचं संपेपर्यंत थांबला. तो त्याचा थांबण्यातला समजूतदारपणा! त्याची आठवण आली की आजही नाकशेटच्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीआधी सुटतं तसं.

लग्न झालं त्या थंडीत बायको आधी अंथरुणावर जाऊन त्याच्या बाजूला पडून राही आणि तो आला की हसून आपल्या बाजूला सरके. गादी तापवून देण्याची ती तिची नव्याची नवलाई. पहिल्या वेळी तो त्या खळग्यात पाठ टेकून जेमतेम पडला आणि उठून बाहेरच्या खोलीत जाऊन बसला. दुसऱ्या वेळी तसंच. तिनं विचारलं, “काय झालं?” तो म्हणाला, “काही नाही, मला सवय नाही.” मग दोन खाटा आल्या, त्यांच्यामध्ये एक तिवई आली, तिवईवर पाण्याचा तांब्या आला. मुलं झाली, ती कशी झाली हे त्या घराचं एक आश्चर्यच. ती अधूनमधून विचारी. तो म्हणे, “लढाईत असं बरंच काही होतं.” हळूहळू तिनं विचारायचं सोडलं. ती गप्प बसली याचा अर्थ तिला उत्तर मिळालं, असा त्यानं सोयीनं लावून घेतला.

छापखान्यात तो आठवडाभर उभ्यानं प्रुफं वाचत राहिला. खुर्ची गार झाली तरी आता बसवेना. शनिवारी तो आला तर बाई गेली नव्हती. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती, डागांचे हात, मुद्दाम दिसतील असे. “बसा,” ती म्हणाली.

“नको, पाठ—”

“पाठबिठ काही नाही. मी बघतेय सोमवारपासून. बसा म्हणते ना. मी इथं उभी राहून बघणार आहे. हा रोग लागत नाही. शाळेत होते तेव्हापासून सांगतेय लोकांना, घसा सुकला माझा. आधीच्या ठिकाणी माझा पेला वेगळा ठेवायचे. पेल्याचं एक वेळ समजू शकते. पण खुर्चीसुद्धा? मी काय हातांवर बसते का हो?”

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. इतक्या दिवसांत हे त्याच्या डोक्याला शिवलंसुद्धा नव्हतं. “अहो नाही, देवाशपथ नाही,” तो म्हणाला, आणि एकदा सुरुवात झाल्यावर सगळंच बाहेर आलं. खाली छपाईची यंत्रं धडधडत होती, त्यामुळे त्याला ओरडून सांगावं लागत होतं. आचाऱ्याची कुजबुज ओरडून, कप्तानाचं ते मवाळ बोलणं ओरडून. बाई ऐकता ऐकता कट्ट्यावर टेकली. शेवटी तिनं विचारलं, “मग तो जिवंत होता?”

“माहीत नाही.”

“हं.” मग तिनं पदरानं तोंड पुसलं. “आधी सांगायचं नाही का हो? आठवडाभर घास गोड लागला नाही मला,” ती म्हणाली. “सोमवारपासून मी घटकाभर आधी उठून बसते या कट्ट्यावर. होईल तेवढ्यात गार.” तिच्या चेहऱ्यावरचा ताण गेला होता, आणि जाताना ती चक्क त्याच्याकडे पाहून हसली. तिचं मोकळं होणं पाहून त्यालाही हलकं वाटलं. कुणाच्या तरी पायातला काटा काढल्यासारखं. त्याच हलकेपणानं तो घरी गेला.

बायको दिवेलागणीला वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तो चहाचा कप घेऊन तिच्यासमोर बसला. “आज त्या नव्या बाईला सांगून टाकलं एकदाचं,” तो म्हणाला. “बिचारीचा भलताच गैरसमज झाला होता.”

“काय सांगितलंत?” तिनं विचारलं.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की हिला आपण हे कधी सांगितलंच नाही. पण आता मागे फिरायला जागा नव्हती, म्हणून त्यानं पुन्हा सांगितलं. या वेळी ते सोपं गेलं. कुठं थांबायचं ते त्याला कळत होतं. भिंतपण जिवंत आहे, यावर तो स्वतःच किंचित हसला. ‘इथं गार काय आहे’ म्हणताना त्यानं कप्तानाचा आवाजसुद्धा काढला. आपण गोष्ट सांगतोय, चांगली सांगतोय, हे त्याला मध्येच जाणवलं आणि जीभ एकदम जाड झाली. बाकीचं त्यानं कसंबसं उरकलं. बायकोच्या हातात एक सदरा अर्धवट घडी घातलेला तसाच होता.

“म्हणजे ते होतं होय,” ती म्हणाली.

“हो.”

“लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी डॉक्टरांकडे गेले होते. तुम्हाला न सांगता.” ती सदऱ्याशीच बोलत होती. “माझ्या अंगाला वास येतो का, ते विचारायला. म्हातारे होते ते. त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं, हात वर करायला लावले, हुंगून पाहिलं. म्हणाले, मुली, तुला काहीही झालेलं नाही. मला वाटलं, मन राखायला बोलतायत. म्हणून दुसऱ्याकडे गेले.”

“त्यानंही हुंगलं?” त्यानं विचारलं, आणि विचारताच आपली जीभ तोडून टाकावी असं त्याला झालं.

“नाही. तो हसला. शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलावून त्यालाही सांगितलं, आणि दोघं हसले.” तिनं सदऱ्याची बाही सरळ केली. “मग मी कुणाला विचारलं नाही. माहेरी गेले की आईजवळ झोपायची नाही. पोरांना फार वेळ मांडीवर घ्यायची नाही. म्हटलं, त्यांनाही येत असेल, बोलता येत नाही म्हणून सांगत नसतील. आणि त्या बाईचा एका आठवड्याचा गैरसमज तुम्हाला बघवला नाही.”

“अगं, मला कल्पनाच—” म्हणून त्यानं हात पुढं केला, तिच्या मनगटाकडे. तिनं मनगट झटकन मागे घेतलं. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं राग असता तर त्याला चाललं असतं. रडणं असतं तरी चाललं असतं. पण ओठ आत ओढलेले, नाकपुड्या बारीक झालेल्या, मान जराशी वळलेली. तो चेहरा आतून कसा असतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

“हात नका लावू,” ती म्हणाली. “मला शिसारी येतेय.”

आणि तिनं त्याचे कपडे दोन बोटांनी उचलून ढिगातून वेगळे काढले.